खुलासा : उंदरांना ब्लड कॅन्सर झाल्याचा मेसेज चुकीचा

‘क्रिस्परने जनुक बदललेल्या मूळपेशींनी उंदरांना ब्लड कॅन्सर झाला, तरी सिकलसेलवर तेच कॅसजेव्ही देतात’ असा मेसेज फिरतोय. साफ चूक. क्रिस्पर म्हणजे जनुकात नेमका बदल करण्याचं तंत्र, आणि कॅसजेव्ही म्हणजे त्या तंत्राने बदललेल्या रुग्णाच्याच मूळपेशी परत देण्याचा उपचार. मंजुरीआधी अशा मानवी पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांना टोचल्या होत्या. त्या अस्थिमज्जेत रुजल्या, कॅन्सरच्या गाठी मात्र आढळल्या नाहीत. ब्लड कॅन्सरचा ठळक इशारा आहे तो लिफजेनियावर, म्हणजे विषाणूवाहकातून जनुक घालणाऱ्या दुसऱ्याच उपचारावर. अमेरिकेत दोन्हींना ८ डिसेंबर २०२३ रोजीच परवानगी मिळाली. घोळ तिथेच झाला असावा. अर्थात उंदरांवर लक्ष ठेवतात ते काही महिनेच, म्हणून रुग्णांचा पाठपुरावा १५ वर्षं आहे. पेशी देण्याआधीच्या बुसल्फान केमोथेरपीचा धोका खरा. त्याबद्दल मेसेजात अवाक्षर नाही.