खूण काढली म्हणून डिस्कवर जागा होत नाही

विंडोजमधील ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ या, ऐच्छिक घटक चालू-बंद करण्याच्या यादीतील सगळ्या खुणा काढून टाकल्या की डिस्कवर भरपूर जागा मोकळी होते, असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. खूण काढल्याने तो घटक केवळ निष्क्रिय होतो. त्याच्या फायली सहसा विंडोजच्या ‘विनएसएक्सएस’ फोल्डरमध्ये तशाच राहतात, आणि म्हणूनच पुन्हा खूण केल्यावर बहुतेक घटक इंटरनेटशिवायही सुरू होतात. काही जुने प्रोग्रॅम चालवायला लागणारा डॉटनेट ३.५ हा घटक ठळक अपवाद. त्याच्या फायली मुळात संगणकावर नसतात, त्या उतरवून घ्याव्या लागतात. फायली खरोखरच हटवायच्या असतील तर ‘डिस्म’ ही आज्ञा ‘रिमूव्ह’ या पर्यायासह चालवावी लागते, आणि घरगुती वापरात तो खटाटोप क्वचितच परवडतो.

यादीतल्या चौकटीत बरोबरच्या खुणेऐवजी भरीव चौकोन दिसला तर तो बिघाड नव्हे. त्या घटकाचा काही भागच चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ.

याच यादीतले एसएमबी १.०, म्हणजे नेटवर्कवरून फायली देण्या-घेण्याची जुनी पद्धत, मात्र बंदच ठेवावे. २०१७ साली वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्यातल्याच त्रुटीवाटे पसरला होता. केवळ एसएमबी १.० वरच चालणारा जुना स्कॅनर कार्यालयात असेल, तर तो स्कॅनरच बदललेला बरा.