पॅट समिट आणि पुरुषांच्या संघाची 'बढती'

अमेरिकेतल्या महिला बास्केटबॉलचा विषय निघाला की प्रशिक्षक पॅट समिट यांचं नाव निघतं, आणि त्यांचं नाव निघालं की कोणीतरी हमखास म्हणतं, "बाईंनी पुरुषांचा संघसुद्धा जिंकवला असता." म्हणणाऱ्याला वाटतं, आपण केवढं मोठं कौतुक केलं. माझ्या मात्र ते डोक्यात जातं.

टेनेसी या एकाच विद्यापीठाच्या महिला संघाकडे ३८ हंगाम, १०९८ विजय, २०८ पराभव, ८ राष्ट्रीय विजेतेपदं. विजयांपेक्षा पराभव जास्त, असा हंगाम एकही नाही. एवढं झाल्यावरही त्यांनी वर चढायची एक पायरी शिल्लक होती म्हणे, आणि ती म्हणजे पुरुषांचा संघ! विद्यापीठाने १९९४ मध्ये आणि पुन्हा २००१ मध्ये त्यासाठी चाचपणी केली. बाईंनी दोन्ही वेळा नाही म्हटलं.

त्या का म्हणून हो म्हणतील? १९७४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्या मुख्य प्रशिक्षक झाल्या तेव्हा पगार महिना २५० डॉलर. संघाची गाडी स्वतः चालवायची, मुलींचे गणवेश स्वतः धुवायचे. गणवेशही डोनट विकून जमवलेल्या पैशांतून आलेले. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा टायटल नाइन कायदा १९७२ मध्येच झाला होता, पण कायदा झाला म्हणून तिजोरी उघडत नाही. पहिलाच सामना मर्सर विद्यापीठाविरुद्ध, ८४-८३ असा एका गुणाने हरल्या. दोन वर्षांनी त्याच बाई मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळून रौप्यपदक घेऊन आल्या, आणि १९८४ मध्ये प्रशिक्षक म्हणून सुवर्ण. महिला बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये आलं तेच मुळी १९७६ मध्ये.

विजयांचे आकडे सगळ्यांना माहीत असतात. मला त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. टेनेसी राज्यातल्या हायस्कुलांत तेव्हा मुली सहा-सहा जणींचं बास्केटबॉल खेळायच्या. तिघींनी फक्त बास्केट करायचे, तिघींनी फक्त अडवायचं, मधली रेघ कोणीच ओलांडायची नाही. अख्खं मैदान धावणं मुलींना झेपणार नाही, हा त्यामागचा थोर विचार! परिणाम असा, की कॉलेजात पाच जणींचा पूर्ण मैदानाचा खेळ सुरू झाला की अर्ध्या मुलींना अडवता यायचं नाही आणि अर्ध्यांना चेंडू टाकता यायचा नाही. एका मुलीने या नियमाविरुद्ध दावाही लावला होता. समिटबाईंनी सरळ सांगून टाकलं की असा खेळ खेळणाऱ्या मुली मी संघात घेणार नाही. म्हणजे आपल्याच राज्यातल्या मुलींना दार बंद. १९७९ मध्ये नियम बदलला. राज्यातल्या प्रत्येक शाळेतल्या मुलीला अख्खं मैदान मिळालं, आणि या विजयाची नोंद त्या १०९८ मध्ये कुठेच नाही.

मैदानासाठी झगडणं त्यांच्या घरातच होतं. आधीच्या गावातल्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून वडिलांनी हेन्रिएटा या दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवलं. शेतकरी माणूस, पण मुलीला खेळता यावं म्हणून घर बदललं.

बाई कडक होत्या. वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं, तास बुडवला तर सामना बुडाला. टेनेसीत पूर्ण काळ खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊनच बाहेर पडली. त्यांची ती करडी नजर तर प्रसिद्धच. १९९० मध्ये एका खेळाडूला आपल्या संघात आणण्यासाठी पेनसिल्व्हेनियाला गेलेल्या असताना प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या. परतीच्या विमानात वैमानिक म्हणाला, व्हर्जिनियात उतरवतो. बाईंनी साफ नकार दिला. मूल जन्मेल तर टेनेसीतच! त्याच वर्षी व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संघाने त्यांना राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर काढलं होतं ना. मुलगा टेनेसीतल्या नॉक्सव्हिललाच झाला.

हाच हट्ट मला एका ठिकाणी पटत नाही. कनेटिकट विद्यापीठाचा महिला संघ आणि त्याचे प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांच्याशी दरवर्षी होणारे सामने २००७ मध्ये त्यांनी बंद केले आणि उघडपणे कारण सांगितलं नाही. त्या लढतींनी महिला बास्केटबॉलला टीव्हीवर जो प्रेक्षक मिळवून दिला, तो दुसऱ्या कशाने मिळाला नव्हता. रुसवा समजू शकतो, पण नुकसान खेळाचं झालं.

पैशाचंही बोलायला हवं. २००६ मध्ये वर्षाला १० लाख डॉलरच्या वर पगार घेणाऱ्या त्या महिला बास्केटबॉलमधल्या पहिल्या प्रशिक्षक ठरल्या. पुरुषांच्या संघाकडे गेल्या असत्या तर कदाचित त्याआधीच मिळाले असते, पण मग महिला संघाच्या खुर्चीची किंमत वाढली नसती. २०११ मध्ये अल्झायमर झाल्याचं त्यांनी स्वतः जाहीर केलं, तरी आणखी एक हंगाम बाकावर बसल्या. २०१६ मध्ये गेल्या तेव्हा वय फक्त ६४ होतं.

त्यांना १९९० मध्ये हरवणाऱ्या व्हर्जिनियाच्या संघात डॉन स्टेली होती. पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात तिला हरवून बाईंनी उट्टं काढलं. तीच स्टेली आज साउथ कॅरोलिना विद्यापीठाच्या महिला संघाची प्रशिक्षक आहे, आणि २०२५ मध्ये तिचा करार वर्षाला ४० लाख डॉलरचा झाला. त्याच वर्षी एनबीए या पुरुषांच्या व्यावसायिक लीगमधल्या न्यूयॉर्क निक्स संघाने मुख्य प्रशिक्षकपदासाठी तिची मुलाखत घेतली. नोकरी देऊ केली असती तर घेतली असती, असं ती नंतर म्हणाली. तिचा निर्णय तिचा, आणि एनबीए म्हणजे काही त्याच विद्यापीठातला शेजारचा संघ नव्हे, त्यामुळे मी तिला नावं ठेवणार नाही. एनबीएत बाई मुख्य प्रशिक्षक झालेली मलाही बघायचीच आहे. फक्त पुरुषांच्या संघाचा एखादा नावाजलेला प्रशिक्षक महिला संघाच्या नोकरीसाठी मुलाखतीच्या रांगेत उभा राहिला, अशी बातमी तुम्ही वाचली असेल तर खाली टाका. मी तरी अजून वाचलेली नाही.