आजारी पडा, पण अर्थशास्त्राला धरून

छातीत कळ आली की लगेच रिक्षा बोलावू नका. तुम्ही ग्राहक आहात, आणि ग्राहक राजा असतो. आधी दर काढा. खानापूरला किती, बेळगावला किती, मिरजेला किती. घाम पुसत पुसत फोन लावा. किंमत वाढली की मागणी घटते, हा पहिलाच नियम. अँजिओप्लास्टी महाग वाटली तर सरळ सांगा, आता नको, गणपती झाल्यावर बघू. हृदयाला हा नियम पाळता येत नाही, ही त्याची अडचण. अर्थशास्त्रात तिला 'अलवचिक मागणी' म्हणतात, घरात 'शेत काढा विकायला' म्हणतात.

डॉक्टरांशी घासाघीस कराच. बेळगावच्या गणपत गल्लीत वांगी घेताना करता, तशी. तिथं किडकं वांगं तुम्हाला दिसतं; इथं रक्तवाहिनी किती तुंबलीय हे विकणाराच सांगणार, आणि ती उघडायची की नाही तेही तोच ठरवणार. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरोंनी 1963 सालीच या बाजाराचं हे दुखणं मांडलं होतं. तुम्ही मात्र ऑपरेशन टेबलावरूनही चोखंदळ राहा.

फुकट उपचारांची हाव तर धरूच नका. खर्च दुसऱ्यानं भरला की माणूस जास्त उपचार घेतो, असं जाणकार सांगतात. नाहीतर बायपासची हौस कुणाला नसते! अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेनं सत्तरच्या दशकात हे तपासायला घेतलं. खिशातून पैसे भरावे लागले की लोक दवाखान्यात कमी जातात, हे खरं निघालं. फक्त अनावश्यक उपचारांबरोबर गरजेचेही तितकेच कमी झाले. एवढं चालायचंच.

आणि निवडीचं म्हणाल तर आपल्या सीमाभागातल्या माणसाएवढा श्रीमंत ग्राहक पुण्यातही नाही. कर्नाटकाच्या आरोग्य योजनेत बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालचं, कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार. एपीएल, म्हणजे रेषेच्या वरचं, असेल तर ठरलेल्या दराच्या 30 टक्के सरकार भरणार, बाकी तुम्ही. शिवाय सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते, तेवढाच फेरफटका. तिकडे महाराष्ट्रानं 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले आरोग्य योजना देऊ केली, त्यावर कर्नाटकानं हरकत घेतली. दोन-दोन सरकारं आपल्या मूतखड्यासाठी भांडतात, आणखी काय हवं? सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तेव्हा आजार निवडताना सबुरीचा निवडा. मोतीबिंदू चालेल, हर्नियाही चालेल. अपेंडिक्सच्या मात्र वाटेला जाऊ नका.