‘काम करता करता तासाला 500 कॅलरी’: ताईला आलेल्या मेसेजला उत्तर

हा मेसेज मला पंधरा दिवसांत चार वेळा आला. तीन वेळा न वाचता सोडून दिला. चौथ्या वेळी तो माझ्या मोठ्या बहिणीने पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ, मी म्हणत नव्हते? आता सकाळचं चालणं बंद. क्लासही सोडला." म्हणून हे लिहायला बसले.

मेसेज थोडक्यात असा: डेस्क जोडलेली व्यायामाची सायकल घ्या आणि ऑफिसचं काम करता करता पॅडल मारत राहा. तासाला 500 कॅलरी जळतात. रोज आठ तास चालवली की महिन्याला 5 किलो वजन उतरतं. मग चालणं, जिम, दुसरा कुठलाही व्यायाम करायची गरज नाही. बसणं सिगारेटइतकंच घातक आहे, सायकलवर बसलं की तो धोका शून्य. कंबरदुखी जाते. मेंदूचा रक्तपुरवठा वाढतो, त्यामुळे काम दुप्पट वेगाने होतं. आणि शेवटी अर्थातच, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.

आधी तो 500चा आकडा, कारण बाकीचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

आकडा हवेतून काढलेला नाही, हे मान्य करते. कुठल्या हालचालीला किती ऊर्जा लागते याचे तक्ते संशोधक वापरतात. त्यांच्या 2011च्या आवृत्तीत ‘व्यायामाची सायकल, सर्वसाधारण’ या नोंदीपुढे 7 मेट लिहिलेलं आहे. एक मेट म्हणजे ढोबळमानाने किलोमागे तासाला एक कॅलरी. 70 किलोच्या माणसाला सात लावले की 490 येतात, म्हणजे झाले 500. पण त्याच तक्त्यात थोडं खाली ‘30 ते 50 वॅट, हलका जोर’ अशी वेगळी ओळ आहे आणि तिथे 3.5 लिहिलंय. काम करताना आपण मारतो ती पॅडलं या दुसऱ्या ओळीतली. मेसेज लिहिणाऱ्याने घामाघूम होऊन चालवलेल्या सायकलचा आकडा उचलला आणि ईमेल लिहीत चालवलेल्या सायकलला चिकटवला.

तक्ता बाजूला ठेवून साधं गणित करा. 30 वॅटने तासभर पॅडल मारलं की पॅडलवर 108 किलोज्यूल काम होतं, म्हणजे 26 कॅलरी. आपलं शरीर खर्च केलेल्या ऊर्जेचा चौथा ते पाचवा हिस्साच पॅडलपर्यंत पोहोचवतं, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे नुसतं बसून जेवढ्या जळतात त्यांच्या वर शरीराने तासाभरात खर्च केल्या 105 ते 130 कॅलरी. आता उलटं जा. तासाला 500 जाळायच्या तर साधारण 115 ते 145 वॅट लागतात. ताई 54 वर्षांची, 62 किलो वजनाची. नियमित सायकल न चालवणाऱ्या तिच्यासारख्या बाईला त्या जोराने दहा-पंधरा मिनिटांत धाप लागेल. त्या अवस्थेत ताळेबंद जुळवता येत नाही, फोनवर कुणाला धड उत्तरही देता येत नाही.

या सायकलची खरी अडचण हीच आहे आणि मेसेज नेमका तिच्यावरून उडी मारून जातो. ज्या जोराने काम जमतं, त्या जोराने फारशा कॅलरी जळत नाहीत. ज्या जोराने त्या जळतात, त्या जोराने काम जमत नाही.

"अगं पण स्क्रीनवर दिसतात ना," ताई म्हणाली. रविवारी तिच्याकडे गेले आणि तिच्या सायकलवर बसले. जोर कमी-जास्त करायची कळ पूर्ण सैल केली, पाय हवेत फिरावेत तसे फिरत होते. पाच मिनिटं एका लयीत पॅडल मारलं आणि कॅलरीचा आकडा कागदावर टिपला. मग कळ इतकी आवळली की मांड्या भरून आल्या. तीच लय, तीच पाच मिनिटं. आकडा तोच. बरोबर तोच. तिच्या सायकलची स्क्रीन फक्त चाकाचे फेरे मोजते आणि त्यांना एका ठरावीक संख्येने गुणते. पाय किती जोर लावताहेत याची तिला खबर नाही. आपलं वजन ती विचारतही नाही, म्हणजे 50 किलोचा आणि 100 किलोचा माणूस तिच्या लेखी सारखाच. बऱ्याच साध्या सायकली अशाच असतात. तुमच्याकडे असेल तर करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

ताई मात्र तो आकडा रोज वहीत लिहून ठेवत होती. तारीख, तास, कॅलरी. तिचं हिशेबनीस असणं माहीत असल्यामुळे ती वही बघून मला जास्त वाईट वाटलं.

5 किलोचं फार बोलत नाही. एक किलो चरबीत अंदाजे 7,700 कॅलरी असतात. म्हणजे 5 किलोला 38,500. तासाला 120च्या हिशेबाने 320 तास लागतील, एकही सुट्टी न घेता रोज साडेदहा तासांपेक्षा जास्त. आणि मेसेजचंच म्हणणं खरं धरलं, तासाला 500 आणि रोज आठ तास, तर ते 5 किलो दहा दिवसांतच उतरायला हवेत. मग महिना कशाला? स्वतःच दिलेले दोन आकडे एकमेकांशी जुळतात का, एवढंही कुणी पाहिलं नाही आणि तरी शेकडो जणांनी पुढे ढकललं.

आता ज्या वाक्यापायी मी इतकी चिडलेय ते. "दुसरा कुठलाही व्यायाम करायची गरज नाही."

ताईची दोन वर्षांपूर्वी हाडांची घनता तपासली. कमी आली. ठिसूळपणा नाही, पण त्या वाटेवर. पाळी गेल्यावर बऱ्याच बायकांचं हे होतं. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झालं की हाड झिजण्याचा वेग भरून येण्याच्या वेगापेक्षा जास्त होतो. डॉक्टरांनी तिला दोन गोष्टी सांगितल्या होत्या: रोज भरभर चालायचं आणि आठवड्यातून दोनदा वजनाचे व्यायाम. ती त्या क्लासला जायला लागली. सुरुवातीला खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणंही तिला जमत नव्हतं. वर्षभरात दोन्ही हातांत डंबेल धरून उठायला लागली. आणि हा क्लास तिने सोडला, एका फॉरवर्डमुळे.

हाड मजबूत होतं ते त्याच्यावर भार पडल्याने. उभं राहून चालताना, जिना चढताना शरीराचं वजन हाडांवर येतं. वजन उचलताना स्नायू हाडाला ओढतात. या ताणाला उत्तर म्हणून हाड स्वतःला घट्ट करतं. सायकलवर तुमचं वजन कोण पेलतं? सीट. पाय फिरतात, हृदयाला थोडा व्यायाम होतो, गुडघ्यांना धक्के बसत नाहीत, हे सगळं चांगलंच आहे, पण कण्याच्या आणि खुब्याच्या हाडांना त्यातून फारसं काही मिळत नाही. वर्षानुवर्षं रोज कितीतरी तास रस्त्यावर सायकल चालवणाऱ्या स्पर्धकांच्या कमरेच्या मणक्यांची घनता कमी असल्याचं अभ्यासांत आढळलंय. ते तर अव्वल तंदुरुस्त लोक. मग कळ सैल करून पॅडल फिरवणाऱ्या माझ्या बहिणीच्या हाडांना त्यातून काय मिळणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या मार्गदर्शक सूचना बघा. प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम जोराची हालचाल, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम. ‘त्याशिवाय’ हा शब्द महत्त्वाचा. एकाच्या बदल्यात दुसरं चालत नाही.

एक गोष्ट मात्र याच सूचनांमुळे मला मान्य करावी लागते. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशेबात धरत नसत, ती अट 2020मध्ये काढून टाकली. त्यामुळे सायकलवर श्वास जरा वाढेल, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या जोराने पॅडल मारलं, तर ती मिनिटं त्या 150मध्ये धरायला हरकत नाही, मग समोर लॅपटॉप असो की नसो. पण ताई ज्या सहजतेने कोष्टक भरत पाय फिरवते, त्यात श्वास वाढत नाही. मी शेजारी बसून पाहिलं.

बसणं आणि सिगारेट. यात अर्धं सत्य आहे आणि ते जुनं आहे. 1953मध्ये संशोधक जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसवाल्यांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांमध्ये हृदयविकार जास्त दिसला, दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये कमी. तेव्हा तासन् तास बसून राहणं वाईट, यावर माझा वाद नाही. पण सिगारेटइतकं? तंबाखूने जगात दरवर्षी सत्तर लाखांहून जास्त माणसं मरतात. ही तुलना तपासणारा लेख 2018मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थमध्ये आला. धूम्रपानाचा धोका बसण्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठा आहे, असा त्याचा निष्कर्ष. ज्या घरात कुणी सिगारेट ओढतं, तिथे असलं वाक्य पोहोचवणं म्हणजे ओढणाऱ्याला "मग तूही बसतोसच की" असं म्हणायची सोय करून देणं.

आणि बसण्याचा धोका कशाने कमी होतो, याचं सगळ्यात भक्कम उत्तर 2016मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. उल्फ एकेलुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून पाहिली. दिवसाला आठ तासांहून जास्त बसणारे, पण रोज 60 ते 75 मिनिटं मध्यम जोराची हालचाल करणारे, यांच्यात बसण्यामुळे वाढलेला मृत्यूचा धोका जवळपास नाहीसा झालेला दिसला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कमी तास बसणारे पण व्यायाम न करणारे लोक या जास्त बसणाऱ्या पण चालत्या लोकांपेक्षा जास्त धोक्यात होते. मध्यम जोर म्हणजे किती, तर ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास चालणं.

ताई सकाळी तास-सव्वा तास हेच करत होती. म्हणजे दिवसभर बसायला लागणाऱ्या बाईसाठी दहा लाख लोकांच्या माहितीतून जो उपाय निघाला, तो तिच्या हातात आधीच होता. मेसेजने तोच काढून घेतला आणि बदल्यात चाकाचे फेरे मोजणारी स्क्रीन दिली. "चालायला गेले की कामाचा तास जातो, यात जात नाही," हे तिचं म्हणणं मला समजतं. काम, घर, सासूबाईंचं आजारपण, सगळं तिच्याच गळ्यात आहे. वेळ वाचेल म्हटल्यावर कुणाचाही विश्वास बसेल. असा मेसेज लिहिणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच मला त्यांचा राग येतो.

कंबरदुखी. तिच्या सायकलचं डेस्क वर-खाली होत नाही. पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहायला हवा, म्हणून सीट वर घेतली तर डेस्क तिच्या मानाने खाली राहतं आणि पाठ वाकते. पाठ सरळ ठेवायला सीट खाली घेतली तर गुडघे वर येऊन फळीच्या कडेला लागतात. ताईच्या उजव्या गुडघ्याच्या वर त्या कडेचा हिरवा-निळा डाग होता. पाठ टेकायला काही नाही, लॅपटॉपकडे बघायला मान खाली. शिवाय त्या अरुंद सीटवर तास-दीड तास बसलं की खालचा भाग बधिर होतो. सीटमुळे तिथल्या नसा दाबल्या जातात म्हणून ते होतं. सहन करत बसायचं नाही, उतरायचं.

मेंदू आणि दुप्पट वेग यावर दोनच वाक्यं. 2009मध्ये ‘ह्यूमन फॅक्टर्स’ या संशोधन नियतकालिकात आलेल्या प्रयोगात खुर्चीवर बसण्याच्या तुलनेत पॅडल मारताना काम किंचित मंदावलं, आणि टायपिंगपेक्षा माउसचं काम जास्त बिघडलं. दुप्पट सोडा, सायकलवर बसून केलेल्या नोंदीत ताईने एक शून्य जास्त टाकलं आणि ते शोधण्यात तिची एक अख्खी संध्याकाळ गेली.

सायकल विकून टाक, असं मी तिला सांगितलेलं नाही. खुर्चीत गोठून बसण्यापेक्षा पाय हलते राहणं बरंच. आता ती लांबलचक मीटिंगमध्ये नुसतं ऐकायचं असतं तेव्हा सायकलवर बसते, अर्धा तास, कळ थोडी आवळून. हिशेबाचं काम टेबलावर, आणि मध्ये मध्ये उठून दोन मिनिटं चालणं. 2012मध्ये ‘डायबेटिस केअर’ या संशोधन नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. दर वीस मिनिटांनी एवढंच चालल्यावर वजन जास्त असलेल्या लोकांची जेवणानंतरची साखर कमी चढली. त्याला ना सायकल लागते, ना स्क्रीन.

चालणं सोमवारपासून पुन्हा सुरू झालं. क्लासच्या बाईंशी मी स्वतः बोलले. दीड महिन्याचा खंड पडलाय, त्यामुळे आधी डंबेलशिवाय उठबस करून घेऊ, असं त्या म्हणाल्या. पहिल्या दिवशी ताईच्या सोळा झाल्या.