चटईत गुंडाळलेली माणसं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इजिप्तमधल्या अमार्नाच्या साध्या कबरींवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, "चटईत गुंडाळून वाळूत पुरलेल्या माणसाबरोबर काहीच नसतं, मग त्यातून कळणार काय? बाकी सगळी कल्पना. आणि कबरींत तरुण जास्त सापडले म्हणून अख्खं शहर हालात होतं, हे कशावरून?" पहिला मुद्दा मला अजिबात पटत नाही. दुसरा बराचसा पटतो.

अमार्ना ही अखेनातेन या इजिप्तच्या राजाची राजधानी, इ.स.पू. १३५०च्या सुमारास वसली आणि थोड्याच वर्षांत ओस पडली. अधिकाऱ्यांची थडगी कड्यात कोरलेली, आणि दक्षिणेकडच्या थडग्यांजवळच्या घळीत सामान्यांच्या कबरी. तिथे २००६ ते २०१३ या काळात उत्खनन झालं. लाकडी शवपेटी फार थोड्यांच्या वाट्याला आली होती. बाकीच्यांना कापडात गुंडाळून, झाऊच्या काड्यांच्या नाहीतर खजुराच्या फांद्यांच्या चटईत घालून, वरून दोरीने नीट बांधलेलं. यातल्या बहुतेक कबरी प्राचीन काळीच चोरांनी उकरल्या होत्या, तेव्हा 'काहीच नसतं' म्हणताना तेवढं तरी लक्षात घ्यायला हवं.

आणि तरीही काय काय उरलंय! एका बाईच्या केसांत सुमारे ७० गंगावनं सापडली. कुणीतरी बसून एकेक बट जोडलेली आहे. हे मला कुठल्याही सोन्याच्या मुखवट्यापेक्षा मोठं वाटतं. श्रीमंतांच्या थडग्यांतल्या चित्रांत माणसांच्या डोक्यावर शंकू दिसतात. ते निव्वळ चित्रातलं प्रतीक असावं, असं अनेक अभ्यासक मानत. मग अमार्नाच्या अशाच साध्या कबरींत दोन मृतांच्या डोक्यांवर खरेखुरे मेणाचे शंकू निघाले. श्रीमंतांच्या थडग्यांतून न सुटलेला हा प्रश्न इथे सुटला.

शिवाय साधी कबर म्हणजे सरसकट निष्काळजीपणा नव्हे, हे कळतं उत्तरेकडच्या दफनभूमीवरून. तिथे सापडलेले बहुतेक जण ७ ते २५ वर्षांचे, त्यांतल्या काहींच्या मणक्यांना इजा झालेली, आणि अनेक खड्ड्यांत एकाहून जास्त माणसं एकत्र पुरलेली. ही बहुधा राबवून घेतलेली पोरं, घरच्यांपासून दूर मेलेली. तिथली घाई पाहिली की दक्षिणेकडची ती बांधलेली दोरी कुणाच्या तरी मायेची होती हे दिसतं.

आता तुमचा दुसरा मुद्दा. दफनभूमीत मेलेलेच भेटतात. जे म्हातारे होऊन दुसरीकडे गेले, ते तिथे मोजले जात नाहीत. त्यामुळे नुसत्या वयांवरून मी काढलेला निष्कर्ष घाईचा होता. पण झिजलेले मणके, खुजी उंची आणि लहानपणी वाढ खुंटल्याच्या दातांवरच्या आडव्या रेघा, ही साक्ष त्यांच्या शरीरांचीच आहे. त्याच शहरातल्या आतेन या सूर्यदेवाच्या मंदिरात नैवेद्य मांडायला शेकडो ओटे होते, हे मनातून जात नाही.

मूळ लेखातलं 'अख्खं शहर' काढून 'या कबरींतली बरीच माणसं' असं आज लिहिलंय. बाकीचा मजकूर तसाच ठेवते आहे.