कुंदा, कांदा आणि दुसरं गेट

परवापासून गल्लीत जो तो मला विचारतोय, "वैनी, आता कसं हाय?" मला काहीही झालं नव्हतं, आत्ताही झालेलं नाही, आणि हे एकदा कुठंतरी लिहून ठेवावं म्हणून लिहितेय.

आमच्याकडं पग आहे. मोबाईलच्या जाहिरातीत यायचं ना, तसलं. रंग कुंद्यासारखा, म्हणजे आमच्या बेळगावच्या खव्याच्या मिठाईसारखा, म्हणून लेकीनं नाव ठेवलं कुंदा. बेळगावात राहून कुत्रीचं नाव कुंदा ठेवण्यात काय धोका आहे ते पुढं कळेलच. तर पगला नाक म्हणजे नुसती खूण. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, येतो तो थोडासा पंजांना, बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर, आणि या बाईसाहेबांचं तोंडच चपटं, हवेला वाटच अरुंद. म्हणून मार्चपासून घरातला कूलर तिच्याकडं असतो आणि आम्ही दोघं पुठ्ठ्यानं वारा घेतो. या गावाला एकेकाळी गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे म्हणे!

एरवी मी तिला सकाळी सहाच्या आत फिरवून आणते. परवा नेमकं पहाटे नळाला पाणी आलं. इतक्या दिवसांनी आलेलं पाणी सोडून कुत्रं फिरवायला कोण जाईल? म्हणून संध्याकाळी साडेपाचला निघालो, टिळकवाडीत रेल्वेच्या दुसऱ्या गेटला पोचलो आणि गेट पडलं. मालगाडी. दोन्ही बाजूंना स्कूटरी, रिक्षा, टेम्पो. इथं पूर्वी सावलीला एक झाड होतं, रस्ता रुंद करताना ते गेलं. गाड्या अजून तेवढ्याच अडकतात, फक्त आता उन्हात अडकतात.

कुंदा एक पाय उचल, दुसरा टेकव असं करायला लागली. मला यातलं कळतं. हाताची मागची बाजू डांबरावर टेकवायची, सात सेकंद सोसलं तर कुत्र्याच्या पायांनाही सोसतं. मी खाली उकिडवी बसले, हात टेकवला आणि डोळे मिटून मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, आई गं!

"ओ वैनी! वैनी पडल्या बघा!"

डोळे उघडते तो समोर एक काका. स्कूटर मधोमध उभी केलेली, डिकी उघडी, एक हात माझ्या दंडाला. मी म्हटलं, "काही झालं नाही, रस्ता तापलाय का बघतेय." काका मागं वळून गर्दीला म्हणाले, "बरळूलाल्यात. ऊन लागलंय." मग माझ्याकडं बघून, "तुम्ही बोलू नका खरं. बसा की खाली." अहो, त्याच डांबरावर बसवलं मला! तोवर कुंदा साखळी सोडवून टेम्पोच्या सावलीत गेलेली, म्हणून मी ओरडले, "कुंदा! कुंदा!"

"गोड मागूलाल्यात! साखर उतरलीय!"

बेळगावच्या गर्दीत कुंद्याचा पुडा निघायला किती वेळ लागतो? एकजण पुण्याच्या पाहुण्यांसाठी घेऊन निघालेला, त्यानं तिथंच फोडला. काकांनी माझ्या तोंडात घातला. मी तोंडभर कुंदा घेऊन "ती कुत्री आहे" असं सांगत होते आणि सगळे माना हलवत होते. एका कॉलेजच्या पोरानं बाटलीतलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. कडेच्या भाजीवाल्या अक्कांनी "भाळ बिसल ऐतरी, तगोरी उळ्ळागड्डी" (लई ऊन आहे, घ्या कांदा) असं कन्नडात म्हणत कांदा पुढं केला, काकांनी तो बुक्कीनं फोडला आणि माझ्या नाकाला लावला. माझ्या डोळ्यांत पाणी. "बघा, शुद्धीवर येऊलाल्यात," काका.

इथपर्यंत मी सोसलं. मग त्यांचं लक्ष कुंदाकडं गेलं. "ह्ये कसलं कुत्रं घेतलाय? कुत्रं मुधोळचं बघावं. राजेसाहेबांनी विलायतेच्या राजाला दिलेलं. पोस्टाचं तिकीट निघालंय त्याच्यावर." तिकीट निघालंय हे खरं, 2005 साली. पण मुधोळच्या कुत्र्याला नाक आहे हो, हातभर! काकांचं चालूच. "ह्येचे केस उतरवा सगळे, गार वाटतंय." अंगावरचे केसच ऊन अडवतात हे सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यात परत कुंदा. आणि मग ते वाकले, "मुक्या जनावराला पण खाऊ दे की," म्हणत उरलेला अर्धा कांदा तिच्या तोंडाशी नेला.

मी किंचाळले. "कांदा नको! मरेल ती!"

कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा असो, शिजवलेला असो. मी हे सगळं पेशींसकट, केसातून पाणी गळत असताना, ओरडून सांगितलं. गर्दी एक पाऊल मागं सरकली. कोणीतरी हळूच म्हणालं, "डोक्यात गेलंय." त्या पोराच्या बाटलीत उरलेलं पाणी मी हिसकावून घेतलं आणि कुंदाच्या पोटाला, पंजांना लावलं, तर काका आपला ओला टॉवेल तिच्यावर पांघरायला निघाले. आत वाफ कोंडते हो, पाणी लावून वारा लागू द्यायचा असतो! कोण ऐकतंय. गेट उघडलं, हॉर्न सुरू झाले, आणि मला कुत्रीसकट रिक्षात कोंबून घरी पाठवलं. भाडं मीच दिलं.

घरी नवरा दारात उभा. मी पोचायच्या आधी बातमी पोचलेली. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. मी म्हटलं, कुत्रीचे पाय भाजत होते. "हो हो, तू आधी पड जरा," असं म्हणून नवऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा कूलर माझ्याकडं फिरवला. कुंदानं माझ्याकडं असं बघितलं की मी उठून परत तिच्याकडं फिरवला.

राग कशाचा येतो सांगू? एवढ्या माणसांनी माझी विचारपूस केली, पण तिचे पंजे कसे आहेत हे एकानंही विचारलं नाही. (बरे आहेत. एक जरा लाल झालाय.)

काल सकाळी पावणेसहाला फिरायला गेलो तर काका भेटले. खिशातून कांदा काढून दाखवला. "तुमच्यासाठीच ठेवूलालोय आता." कुंदा शेपूट हलवत त्यांच्या डिकीकडं बघत बसली. परवा पुड्यातला एक तुकडा खाली पडलेला, तो हिनं चाटलेला दिसतोय.