‘१९६८ ला वंशभेद मिटला, लायक असतील ते पुढे येतीलच’: मेथडिस्ट पंथाविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकेतल्या मेथडिस्ट पंथाविषयी एक मजकूर ख्रिस्ती गटांतून सारखा पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: मेथडिस्ट पहिल्यापासून गुलामगिरीच्या विरोधात होते, कृष्णवर्णीय सभासद आपल्या इच्छेने वेगळे झाले, जे राहिले त्यांना १९३९ मध्ये स्वतःचा कारभार मिळाला, १९६८ मध्ये उरलासुरला भेदही मिटला. तेव्हा आता वर्णन्यायाची भाषा म्हणजे चर्चमध्ये आणलेले बाहेरचे राजकारण आहे, आणि पुढारी काही घडवावे लागत नाहीत. यातल्या बहुतेक वाक्यांत थोडे थोडे खरे आहे, म्हणूनच ती पटतात. एकेक वाक्य घेऊ.

‘मेथडिस्ट पहिल्यापासून गुलामगिरीविरोधी होते’

पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली होते. १७७४ मध्ये त्यांनी गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका प्रसिद्ध केली आणि तिच्यात कसलीही भीडभाड ठेवली नाही. पण अमेरिकेतल्या मंडळ्यांचे, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या सभासदांचे, काय झाले ते पाहा. १७८४ च्या नाताळात बाल्टिमोरला मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झाले, तेव्हा सभासदांनी ठरलेल्या मुदतीत आपले गुलाम मुक्त करावेत असा नियम झाला. दक्षिणेकडून विरोध होताच काही महिन्यांत तो स्थगित करण्यात आला. पुढे १८४४ मध्ये बिशप जेम्स अँड्र्यू यांच्या मालकीचे गुलाम असल्याचा प्रश्न जनरल कॉन्फरन्ससमोर, म्हणजे पंथाच्या सर्वोच्च सभेसमोर, आला आणि पंथ उत्तर-दक्षिण असा दुभंगला. साठ वर्षांत पंथ नियमाकडून बिशपच्या घरातल्या गुलामांपर्यंत येऊन पोहोचला होता.

‘कृष्णवर्णीय आपल्या इच्छेने वेगळे झाले’

फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या कृष्णवर्णीयांना उठवण्यात आले, म्हणून कृष्णवर्णीय उपदेशक रिचर्ड अ‍ॅलन, अ‍ॅबसलम जोन्स आणि त्यांचे सोबती बाहेर पडले. परंपरेने हे साल १७८७ सांगतात, काही इतिहासकार १७९२ मानतात. तरीही अ‍ॅलन यांनी पंथ सोडला नाही. १७९४ मध्ये त्यांच्या बेथेल चर्चचे समर्पण झाले ते बिशप फ्रान्सिस अ‍ॅसबरी यांच्या हस्ते, आणि १७९९ मध्ये अ‍ॅसबरींनीच त्यांना डीकनची, म्हणजे पाळकपदाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा दिली. पुढची एल्डरची, म्हणजे पूर्ण पाळकाची, पायरी मात्र जुन्या पंथात त्यांना कधीच मिळाली नाही. बेथेलची इमारत आणि तिचे व्यासपीठ कोणाच्या ताब्यात, हा वाद पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल बेथेलच्या बाजूने लागला आणि १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च उभे राहिले. इतकी वर्षे दार ठोठावणाऱ्याला ‘स्वतःहून गेला’ म्हणणे हा अन्याय आहे.

‘१९३९ ची व्यवस्था म्हणजे स्वराज्य होते’

या मुद्द्यावर सर्वांत जास्त गोंधळ आहे. १९३९ मध्ये उत्तरेचे चर्च, दक्षिणेचे चर्च आणि मेथडिस्ट प्रोटेस्टंट चर्च एक झाले. नव्या चर्चचे सहा विभाग पडले. पाच विभाग नकाशावर आखले; सहावा, सेंट्रल ज्युरिस्डिक्शन, माणसांच्या वर्णावर. त्यामुळे एकाच शहरातल्या दोन मेथडिस्ट मंडळ्या वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे मंडळ्यांच्या प्रादेशिक संघांत, गेल्या. ओहायोतली कृष्णवर्णीय मंडळी लेक्झिंग्टन कॉन्फरन्समध्ये, आणि ही कॉन्फरन्स केंटकीपासून मिशिगनपर्यंत पसरलेली. गोऱ्या शेजाऱ्यांचा डिस्ट्रिक्ट सुपरिटेंडेंट, म्हणजे बिशपच्या वतीने मंडळ्यांवर देखरेख करणारा पाळक, जवळ असे, यांचा बराच लांबून यायचा.

हे कोणी मागितले होते? १९३६ च्या जनरल कॉन्फरन्समध्ये योजनेवर मतदान झाले, तेव्हा ४७ कृष्णवर्णीय प्रतिनिधींपैकी ३६ जणांनी विरोधात मत दिले आणि ११ तटस्थ राहिले. बाजूने एकही नाही. योजनेची गरज गोऱ्या दक्षिणेला होती. मेथडिस्ट पद्धतीत पाळकाची नेमणूक बिशप करतो, आणि गोऱ्या मंडळ्यांवर कृष्णवर्णीय बिशप येण्याची वाट बंद करण्याचा हा सगळ्यात सोपा उपाय होता.

तरीही या विभागाने स्वतःचे बिशप, सुपरिटेंडेंट आणि मंडळांचे अध्यक्ष निवडले. अटलांटाच्या गॅमन सेमिनरीतून (पाळकांच्या शिक्षणसंस्थेतून) पाळक तयार झाले. त्यांनी अपमानाच्या जागेचा शाळेसारखा उपयोग करून घेतला. त्याचे श्रेय त्यांचे आहे, योजना आखणाऱ्यांचे नव्हे.

‘१९६८ मध्ये भेद मिटला’

२३ एप्रिल १९६८ ला डॅलसमध्ये युनायटेड मेथडिस्ट चर्च स्थापन झाले आणि सेंट्रल ज्युरिस्डिक्शन कागदावरून गेले. दक्षिणेतल्या काही कॉन्फरन्स मात्र त्यानंतरही वेगळ्याच राहिल्या. शेवटच्या विलीनीकरणांना १९७० च्या दशकाची पहिली काही वर्षे लागली.

विलीनीकरणात अडचण नेमकी कुठे येते, हे सेंट्रल ज्युरिस्डिक्शनच्या, जेम्स थॉमस यांच्या अध्यक्षतेखालच्या ‘कमिटी ऑफ फाइव्ह’ने आधीच ओळखले होते. विभाग बरखास्त करणे म्हणजे समावेश नव्हे, हा त्यांचा आग्रह. कृष्णवर्णीय कॉन्फरन्समध्ये पाळकांचे किमान वेतन आणि निवृत्तिवेतनाचे दर कमी होते. ते वर आणायला वेगळा निधी उभारावा लागला. त्याहून कठीण प्रश्न मतांचा. स्वतःच्या कॉन्फरन्समध्ये बहुमतात असलेले लोक एका रात्रीत अल्पमतात आले. सुपरिटेंडेंटच्या जागा कमी झाल्या, आणि जिथे माणसे तावून सुलाखून निघत त्या समित्या आणि शिबिरे विस्कळीत झाली. हे होणार हे आधीच दिसत होते, म्हणून १९६८ च्या फेब्रुवारीतच सिनसिनाटीमध्ये ‘ब्लॅक मेथडिस्ट्स फॉर चर्च रिन्यूअल’ ही संघटना उभी राहिली, आणि नव्या चर्चने धर्म व वंश आयोग नेमला.

एकच उदाहरण पुरे. लिओंटाइन केली या आग्नेय विभागातल्या पाळक. १९८४ मध्ये त्या बिशप झाल्या, पंथातल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री बिशप. पण त्यांना निवडले पश्चिम विभागाने. आग्नेय विभागाने पहिली कृष्णवर्णीय स्त्री बिशप म्हणून शर्मा लुईस यांना निवडले ते २०१६ मध्ये. मध्ये ३२ वर्षे गेली.

‘हे बाहेरून आलेले राजकारण आहे’

जेम्स लॉसन हे मेथडिस्ट पाळकाचे चिरंजीव. सैन्यभरती नाकारल्याबद्दल तुरुंगवास भोगून १९५३ मध्ये ते मिशनरी म्हणून नागपूरला आले आणि हिस्लॉप कॉलेजात काम करताना गांधीजींचा सत्याग्रह त्यांनी जवळून अभ्यासला. वर्णभेदाविरुद्ध माँटगोमेरीत पुकारलेल्या बस बहिष्काराची बातमी त्यांनी नागपूरच्या वर्तमानपत्रातच वाचली. परतल्यावर त्यांनी नॅशव्हिलच्या क्लार्क मेमोरियल मेथडिस्ट चर्चच्या तळघरात कार्यशाळा घेतल्या: फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या लंच काउंटरवर (दुकानातल्या खाण्याच्या जागेवर) जाऊन शांतपणे कसे बसायचे याच्या. सरावात निम्म्यांनी हल्लेखोर व्हायचे, शिव्या द्यायच्या, ढकलायचे. बाकीच्यांनी प्रत्युत्तर न देता डोके कसे वाचवायचे ते शिकायचे. नियम साधे होते: नीट कपडे, ताठ बसणे, तोंड काउंटरकडे, उलट वार नाही. पहिली तुकडी अटक झाली की दुसरी रिकाम्या जागांवर बसे. २७ फेब्रुवारी १९६० ला ८० हून अधिक जण तुरुंगात गेले. मे महिन्यात नॅशव्हिलचे लंच काउंटर खुले झाले. नागरी हक्क चळवळीचे पुढारी जॉन लुईस आणि डायॅन नॅश याच तळघरात घडले. राजकारण बाहेरून आले म्हणणाऱ्यांनी ते तळघर कोणाचे होते ते आठवावे.

‘लायक असतील ते पुढे येतीलच’

पाळक होण्याच्या पायऱ्या पाहिल्या की हा समज टिकत नाही. उमेदवाराला सुपरिटेंडेंटकडे अर्ज, मार्गदर्शकाबरोबर अभ्यास, स्थानिक सभेत लेखी मतदानाने दोनतृतीयांश मते, मग डिस्ट्रिक्ट समितीची मुलाखत, सेमिनरीची पदवी, किमान दोन वर्षांची उमेदवारी आणि दीक्षा मंडळाची अंतिम परीक्षा, इतके पार करावे लागते. गळती ठरावीक ठिकाणी होते. सेमिनरीचे कर्ज मोठे आणि पहिली नेमणूक लहान मंडळीत. पगार मंडळीच्या ऐपतीवर, म्हणून कर्ज फिटत नाही. मुलाखत घेणाऱ्या समितीत एकच कृष्णवर्णीय सभासद असेल, तर ‘आमच्यासारखा बोलत नाही’ हा शेरा ‘तयारी कमी’ म्हणून नोंदला जातो.

गोऱ्या मंडळीत कृष्णवर्णीय पाळकाची नेमणूक हा सर्वांत नाजूक टप्पा. ती बहुधा अशी फसते: मंडळीला आधी तयार केले जात नाही, काही कुटुंबे दशांश (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा वाटा) थांबवतात, सुपरिटेंडेंट घाबरतो, आणि नेमणूक वर्षावर्षाची असल्याने पाळकाला पहिल्याच वर्षाअखेर हलवले जाते. नोंदीत ‘जमले नाही’ एवढेच राहते. उपाय ठाऊक आहेत: नेमणुकीच्या काही महिने आधीपासून पाळक-मंडळी समितीबरोबर बैठका, पगाराचा लेखी किमान आकडा, पाळकाला मंडळीबाहेरचा अनुभवी सल्लागार, आणि ‘पहिली तीन वर्षे तक्रारीवरून बदली नाही’ असा बिशपचा स्पष्ट शब्द.

एखाद्या कॉन्फरन्समध्ये ‘योग्य उमेदवारच मिळत नाहीत’ असे ऐकू आले, तर मागील दहा वर्षांचे पाच आकडे मागावेत: किती कृष्णवर्णीयांनी अर्ज केला, किती डिस्ट्रिक्ट समितीतून पुढे गेले, किती सेमिनरीतून बाहेर पडले, किती जणांना पूर्ण दीक्षा मिळाली, आणि त्यांतले किती पाच वर्षांनंतर सेवेत आहेत. ज्या पायरीवर आकडा कोसळतो, ती पायरी कोणत्या समितीच्या हाती आहे तेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.